वडाराले भिंत कायले

बाच्या हातात त्याचीच पहार दिली आणि त्याचीच भिंत त्याला पाडायला लावली.

सकाळची वेळ होती. पाटील दमणीतून उतरलासुद्धा नाही. बैल जुंपलेलेच, आणि तो गादीवर बसून पान लावत होता. त्याचा मुकादम सोनाजी चाबूक घेऊन बाच्या मागं उभा. गावातली माणसं खडकाळ बरडावर चढून आली होती. बाया लांब बांधावर थांबल्या होत्या. एक म्हातारा भुईमुगाच्या शेंगा सोलून खात होता. तो मला अजून दिसतो.

भिंत माझ्या छातीइतकी आली होती. बाभळीची चौकट बसवायची राहिली होती, ती बाजूला आडवी पडलेली.

बा एकेक दगड उचलायचा, वाकायचा आणि जमिनीवर अलगद ठेवायचा. घडवलेल्या दगडाची कड मोडू नये म्हणून. जन्मभर दगड घडवलेला हात तो, त्याला दगड फेकता येत नव्हता. पाटलाला ते बघवलं नाही.

"भिरकाव बे," तो म्हणाला. "ठेवून काय राह्यला? उद्या पुन्हा लावतं काय?"

बानं पुढचा दगड भिरकावला. मग थांबला. हात जोडले. "मालक, पाऊसकाळापुरती ऱ्हाऊ द्या. मग मीच पाडतो."

पाटील बाकीच्यांकडं बघून बोलला. बाकडं बघितलंच नाही त्यानं.

"वडाराले भिंत कायले पायजे?"

माणसं हसली.

मग त्यानं बाला जोत्यावर नाक घासायला लावलं. मी वडार आहे, मी पालात राहीन, असं तीनदा म्हणायचं. बानं म्हटलं. तीनदा म्हटलं. नाकाचं कातडं निघालं. काळ्या दगडावर रक्त लाल दिसत नाही, नुसतं ओलं दिसतं.

एवढ्यानं भागलं असतं. पण पाटलाचं पान संपलं नव्हतं. उंबऱ्यासाठी घडवून ठेवलेला दगड त्यानं बोटानं दाखवला. दोन माणसांचा दगड तो. डोक्यावर घेऊन उभा राह्य, म्हणाला. बानं घेतला. उभा राहिला. सोनाजी त्याच्या पोटऱ्यांवर चाबूक ओढत होता, सावकाश, बैलाची माशी हाकलावी तसा. बाची मान आत गेली. मग तो एका अंगावर कलला आणि दगडासकट खाली आला. उजवा हात दगडाखाली गेला.

चार बोटं. अंगठा तेवढा राहिला.

म्हाताऱ्याचे हात शेंगांवर थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

मी काय केलं? काही नाही केलं. अठरा वर्षांची होते, नवरा मेलेली बाई होते, आणि मायच्या पदराला धरून उभी राहिले. ती लाज अजून गेलेली नाही.

आम्ही वडार. दगड फोडायचा, विहिरी खांदायच्या, जाती-पाटे घडवून बाजारात विकायचे. घरात आमची बोली वेगळी. पण हे मी मराठीत सांगते, कारण ज्यांनी ऐकायला पाहिजे ते मराठी बोलतात.

मूळचे आम्ही मोगलाईतले. जालन्याच्या अंगाला, निजामाच्या राज्यात. तिथं एका जहागीरदाराच्या गढीवर विहीर चालली होती. मजुरी नाही, भाकर नाही. शिपाई यायचा आणि पालातून माणसं हाकत न्यायचा. एका दुपारी विहिरीची कड ढासळली. खाली माझा नवरा होता. बाहेर काढला तेव्हा तोंड मातीनं गच्च भरलेलं. मायनं बोट घालून घालून माती काढली, जसं तान्ह्या लेकराच्या तोंडातून काढतात. गढीवरचा माणूस काठावरून बोलला, झालं ना बघून, आता उतरा खाली. त्या दिवशी बा उतरला. दुसऱ्या दिवशी उतरला नाही.

वऱ्हाडात इंग्रजाचा अंमल आहे, नागपूरहून हुकूम चालतो, तिकडं वेठीला धरत नाहीत, असं बाजारात ऐकलं होतं. दोन गाढवं, दोन पालं, हत्यारं आणि विकायला घडवलेली दोन जाती एवढं घेऊन आम्ही तिघं निघालो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायानं एक जातं ठेवून घेतलं. ठेव म्हणालो. पलीकडं पाय पडला तेव्हा माय खाली वाकली, माती कपाळाला लावली. माती तीच होती. काळीच.

मग राहायचं कुठं?

वडाराला हा प्रश्न कुणी विचारत नाही. काम असेल तिथं पाल पडतं, काम संपलं की उठतं. पण या खेपेला बाला थांबायचं होतं. नाक्यापासून तो हेच बोलत होता. त्याला ज्या जागेवरून कुणी हाकलणार नाही अशी जागा पाहिजे होती.

आधी धाड गावाला बसलो. बाजार मोठा, जातं दोन तासांत विकलं गेलं. पण मोगलाई तिथून फार जवळ. तिसऱ्या दिवशी बाजारात गढीचा एक माणूस दिसला, कांदे घेत होता. त्यानं आम्हाला बघितलं की नाही माहीत नाही. मायनं भाजत असलेली भाकर तव्यावरच सोडली आणि पाल गुंडाळायला लागली. मग मेहकरकडं गेलो. तिथं दगड चांगला, गाव मोठं, देऊळ जुनं. त्या देवळाच्या दगडावर बा बराच वेळ नुसता हात फिरवत उभा राहिला. पण गावाच्या अंगाला पाल टाकू देईनात. उठा म्हणाले, चोऱ्या होतात. उठलो.

अमडापूर ओलांडून पुढं गेल्यावर एक गाव लागतं. त्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, तेवढंच गाव वाईट. गावाबाहेर चढ होता. नुसता मुरूम आणि खडक, खुरटी बोरं. अशा जमिनीला तिकडं बरड म्हणतात. तिथं काही पिकत नाही. खाली नाला होता. बानं सुतकीनं, म्हणजे दगड फोडायच्या हातोड्यानं, खडकावर दोनचार ठोके घातले. खडक घंटेसारखा वाजला. मायनं नाल्यातलं पाणी चाखलं. मग बा माझ्याकडं वळला.

"तुला कुठं ऱ्हावं वाटतंय?"

मला कुणी असं कधीच विचारलं नव्हतं. लग्न कुणाशी, हे विचारलं नव्हतं. नवरा गेल्यावर आता काय, हेही विचारलं नव्हतं. मी चढावर गेले. एक सपाट जागा होती, पाठीला खडक, पुढं सगळं खोरं दिसायचं. कुणी आलं तर लांबूनच दिसेल. मी तिथं बसले आणि म्हणाले, इथं.

जागा मी निवडली होती. हे सांगून ठेवते.

पाटलाचं वावर बरडाच्या खाली. त्याला विहीर पाहिजे होती. आधी दोघांनी खांदायला घेतली आणि खडक लागला तसे सोडून गेले. तो बाला म्हणाला, पाणी लावून दे, बरडावर खुशाल बसा, कोणी उठवणार नाही. चार माणसांपुढं बोलला. आम्ही हिवाळा आणि उन्हाळा खाली उतरत राहिलो. बा सुरुंग लावायचा, मी आणि माय आळीपाळीनं खाली पाट्या भरायचो आणि वर ओढायचो. माझ्या हाताची सालं गेली, नवी आली, तीही गेली. प्रत्येक खेपेला खाली उतरताना मला माझ्या नवऱ्याचं तोंड आठवायचं. तरी उतरले. शेवटी पाणी लागलं. इतकं लागलं की बा हत्यारं सोडून दोराला लटकत वर आला.

आता घर, असं बा म्हणाला नाही. मी म्हणाले.

पालाला कडी नसते. बाईमाणसाला हे सांगावं लागत नाही. सोनाजी मुकादम भर दुपारी यायचा आणि काठीनं पालाचं कापड उचलायचा. बघायचा, आणि हसून कापड सोडायचा. एकदा मी आत अंग धूत होते. मायनं दगड उचलला तेव्हा गेला. मी बाला म्हणाले, मला दार पाहिजे. आतून लावता येईल असं दार.

दार म्हटलं की चौकट आली. चौकट म्हटलं की भिंत आली. विहिरीतून निघालेला दगड बरडाखाली ढीग होऊन पडला होता, पाटलालाच तो हलवून पाहिजे होता. बानं जोतं घातलं. जन्मभर लोकांच्या भिंती उभारलेला माणूस. स्वतःच्या भिंतीला सूत लावताना तो मायला चोरून हसत होता. बारा दिवस. तेराव्या दिवशी दमणी आली.

बानं पाटलाला त्याच्या शब्दाची आठवण दिली. पाटील म्हणाला, बसा म्हटलं होतं, बांधा नव्हतं म्हटलं. वडार पालात राह्यला तर कामाचा. भिंत उभी केली की तो गावचा होते, मंग उद्या पाणोठ्यावर येईन, परवा चावडीवर येऊन बसन.

यानंतरचं तुम्हाला सांगितलं आहे.

बाचा हात मायनं हळद आणि चिंध्यांनी बांधला. पोलीसपाटील येऊन सांगून गेला की तीन दिवसांत पालं उचला. माय लगेच सामान आवरायला लागली. बा म्हणाला, खानदेशात जाऊ, तिकडं रस्त्याची कामं आहेत. तो माझ्याकडं बघत नव्हता. मला वाटलं, जागा मी निवडली म्हणून बघत नाही. नंतर मायनं सांगितलं, तसं नव्हतं. लेकीसमोर नाक घासलं म्हणून तो बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी गाढवांवर सामान चढलं. पहार, घण, तवा, पालाचे बांबू. माय पुढं झाली. बा दुखरा हात छातीशी धरून तिच्या मागं. मी चार पावलं गेले. मग मला दिसलं की यापुढं सगळं असंच आहे. खानदेशात एक पाटील असेल. त्याच्या पुढच्या मुलखात आणखी एक. प्रत्येकाला विहीर पाहिजे असेल आणि प्रत्येकाला मी पालात पाहिजे असेन. राज्य बदललं, आमच्यापुरतं काही बदललं नाही. नवरा गेला तेव्हा आम्ही निघालो. बोटं गेली, पुन्हा निघालो. आता काय गेलं की थांबायचं?

मी गाढवावरची सुतकी काढून घेतली आणि जोत्यावर जाऊन बसले.

मायनं हाक मारली. बानं मारली. मी बसून राहिले. मग उठले आणि पडलेले दगड पुन्हा लावायला घेतले. मला बासारखी बांधणी जमत नव्हती. थर वाकडे आले. माय परत आली, माझ्या हातात दगड द्यायला लागली. बा गाढवांपाशीच खाली बसला.

दुपारी सोनाजी आला, बरोबर दोन गडी. आधी त्यांनी गाढवांवरची पालं ओढून काढली आणि पेटवून दिली. जुनं कापड ते, भसकन पेटलं. एकानं मायला लाथ घातली, ती दगडांवर पडली. बा उठला तर त्याच्या त्याच बांधलेल्या हातावर काठी मारली. बा ओरडला नाही, खाली बसला आणि ओकला. सोनाजीनं माझे केस मुठीत धरले आणि मला जोत्यावरून फरफटत खाली आणलं. पाठ सोलली, लुगडं फाटलं.

"चाल, आता दार लावून दाखव," तो म्हणाला.

सुतकी हातात होती. मी सोडलेलीच नव्हती. पडल्या पडल्या, जशी खडकाच्या भेगेवर मारतात, तशी त्याच्या गुडघ्यावर मारली. वाटी फुटली. तो माझ्या अंगावरच कोसळला. मी त्याला लोटला आणि दुसऱ्यांदा उगारली. तेव्हा त्याच्या डोळ्यात मी बघितलं. भीती होती. मला बघून कुणी घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. खोटं बोलत नाही, मला बरं वाटलं.

दुसरा घाव घातला नाही. गड्यांनी हात धरले. मग त्यांनी मला मारलं. काठ्यांनी, लाथांनी, थकेस्तोवर. डाव्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत नाही. गाव बांधावर उभं राहून बघत होतं. मला बैलगाडीला बांधून चावडीवर नेलं, तिथून तालुक्याला.

कचेरीत ज्याच्या समोर मला उभं केलं त्या कारकुनानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मग "राहणार?" म्हणाला आणि मी बोलायच्या आत लिहूनही टाकलं. मी विचारलं, काय लिहिलं? त्यानं मान वर केली. वडारीण विचारते, याचंच त्याला नवल वाटलं. फिरस्ती, मूळ मोगलाई, असं लिहिलंय म्हणाला, चल अंगठा दे.

मी मूठ मिटली.

शिपायानं हात धरला, बोटं उकलायला बघितली. दगड धरणारा हात आहे माझा, नाही उकलला. त्यानं लाकडी रुळानं बोटांच्या पेरांवर मारलं. कातडं फुटलं. मी मूठ आणखी घट्ट केली. आत मॅजिस्ट्रेट बसला होता, जेवणाची वेळ होत आली होती, त्याला गडबड ऐकू गेली. त्यानं मला आत बोलावलं आणि अंगठा का देत नाहीस, असं विचारलं.

मी जन्मात एवढं सलग कधी बोलले नव्हते. "साहेब, मी त्याचा गुडघा फोडला. ते लिहा, अंगठा देते. पण मी फिरस्ती नाही. माझ्या बाची बोटं त्या गावात गेली. मी मार खाल्ला तो त्या गावात खाल्ला. मारताना मी तिथली होते, मग लिहिताना कशी नाही?"

"घर आहे तुझं तिथं?"

"बांधलं होतं. त्यांनी पाडलं. घर नसतं तर पाडलं काय?"

त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग कारकुनाला म्हणाला, ती सांगते ते लिहा. दया म्हणून म्हणाला नसेल, भूक लागली म्हणून म्हणाला असेल. मला त्याचं काही नाही. मी त्या गावाचं नाव मोठ्यानं घेतलं, दोनदा, आणि कारकून लिहीत असताना त्याच्या टाकाकडं बघत राहिले. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिले. मग अंगठा दिला. शाईत रक्त मिसळलं.

सहा महिन्यांची कैद लागली. पाटलाला कुणी काही विचारलं नाही. बाच्या बोटांची कुठं नोंद नाही. पालं जाळली त्याची नोंद नाही. पण शिक्षेच्या त्या कागदावर मी एका गावची होते. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुठल्या गावचं नव्हतं.

जेलात बायांना दळण असायचं. तिथलं जातं गुळगुळीत झालं होतं, मी त्याला छिन्नीनं टाकी लावून दिली. पहाऱ्यावरची बाई म्हणाली, हुशार आहेस, सुटल्यावर हे मारामारीचं सोड. मी हो म्हणाले नाही.

सुटले आणि चालत बरडावर आले. माय होती. एका बोरीवर फाटकं लुगडं टाकून त्याखाली राहत होती. बा नव्हता. हात सडत खांद्यापर्यंत गेला होता. शेवटी त्याला कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं, नुसता घाम आणि बडबड. मेल्यावर गावानं मसणवट्यात जागा दिली नाही, फिरस्त्याचं मढं तुमच्या तुम्ही न्या म्हणाले. माय एकटी. तिनं पहारीनं मुरूम खांदला आणि बाला जोत्याच्या आत पुरलं. मी निवडलेल्या जागेत.

मी रडले. मग दगड वेचायला सुरुवात केली.

पाचव्या दिवशी दमणी आली. सोनाजीही होता, काखेत काठी, एक पाय ओढत. तो दमणीच्या मागंच थांबला. भिंत कमरेइतकी होती. पाटलानं ती बघितली, मला बघितलं.

"जेल भोगून आली, तरी अक्कल नाही आली तुले?"

"जेलात रोज दळलं, मालक," मी म्हणाले. "हात घट्ट झाले."

मालक हा शब्द मी तेव्हा शेवटचा उच्चारला. त्यानंतर पाटलाला नाही, दुसऱ्या कुणाला नाही.

ती भिंत त्यांनी पाडली. मी पुन्हा लावली. पुन्हा पाडली. त्या वेळी एका गड्याचं डोकं फुटलं आणि मी पुन्हा आत गेले, पुन्हा तोच अंगठा, पुन्हा त्याच गावाचं नाव. त्या खेपेला कारकुनानं विचारून लिहिलं. परत आले तेव्हा मायनं एकटीनं गुडघ्याइतकं काम करून ठेवलं होतं. या खेपेला पाटलाला बरडावर चढायला गडी मिळेना. आम्ही दोघींनी छप्पर चढवलं, चौकट बसवली, दार लावलं. आतून कडी घातली. दुसऱ्या दिवशी मी गावाच्या पाणोठ्यावर गेले. बाया बाजूला सरकल्या. मी घागर भरली आणि सावकाश चालत चढ चढले, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल.

माय तिथंच गेली. ती बाच्या शेजारी आहे.

कुणी मला सांगतं, तुझा राग गेला पाहिजे आता, दिवस बदलले. माझा राग गेलेला नाही. तो जाऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. ही जागा मला कुणी दिली नाही. मी ती निवडली, तिच्यापायी बाप गमावला, कान गमावला, दोनदा जेल भोगला. आता ही जागा मी सोडणार नाही, मागून नाही, घाबरवून नाही, पैसे देऊन नाही.

ज्याला मला इथून उठवायचं असेल, त्यानं एकट्यानं येऊ नये.